निवडुंगाची ठेव

पुण्याच्या नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचे देऊळ आहे. निवडुंगाच्या जाळीत मूर्ती सापडली म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. आषाढी वारीत तुकोबांची पालखी पुण्यात येते तेव्हा तिचा मुक्काम याच देवळात असतो. खुन्या मुरलीधर, डुल्या मारुती, पासोड्या विठोबा अशा नावांची पुणेकरांना इतकी सवय झाली आहे, की देवाच्या नावामागे निवडुंग का लागला याचा विचार सहसा कोणी करीत नाही. पण ते नाव एका गोष्टीची साक्ष देते. आज जिथे दुकानांची आणि वाहनांची दाटी आहे, तिथे एके काळी गावकुसाबाहेरचे रान होते आणि त्या रानात निवडुंग माजला होता.

मुक्काम हलला की ही पालखी हडपसरवरून सोलापूर रस्त्याला लागते. लोणी काळभोर मागे पडले की पुढे उरुळीकांचन येते. मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधी या गावी आले, त्यांनी तिथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि तो चालवण्यासाठी मणिभाई देसाई नावाच्या तरुणाला मागे ठेवले. मणिभाईंनी उरुळी पुढे सोडली नाही. १९६७ मध्ये त्यांनी 'बाएफ' ही संस्था काढली, गावठी गाईंच्या जागी जास्त दूध देणाऱ्या संकरित गाई शेतकऱ्यांच्या गोठ्यात नेल्या, आणि १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९३ मध्ये ते गेले. त्यांच्या संस्थेच्या उरुळीच्या केंद्रावर गेली काही वर्षे निवडुंग लावला जातो आहे. कुंपणाला नव्हे, शोभेला नव्हे, तर जनावरांना खाऊ घालण्यासाठी. अर्थात हा निवडुंग बिनकाट्याचा आहे.

ही गोष्ट चार माणसांत सांगितली की पहिली प्रतिक्रिया हसण्याची येते. दुसरी प्रतिक्रिया येते ती थोडी दुखावलेली असते. 'म्हणजे आता आमच्या जनावरांनी निवडुंग खायचा काय?' असे एका शेतकरी मित्राने मला विचारले. त्याच्या बोलण्यात राग होता आणि तो मला समजला. आपल्या भाषेत निवडुंग हे ओसाडीचे चिन्ह आहे. ज्याच्या वाड्यात निवडुंग उगवला त्याचा वंश बुडाला, असे आपण समजतो. पोटच्या पोरासारख्या सांभाळलेल्या गाईच्या गव्हाणीत तो टाकायचा, ही कल्पनाच माणसाला अपमानाची वाटते. तरीही गेली काही वर्षे या विषयावर मिळेल ते वाचल्यावर, आणि त्याआधी नोकरीनिमित्त कोरडवाहू भागातले गोठे पाहिल्यावर, माझे मत असे झाले आहे की या झाडाकडे आपण गंभीरपणे पाहिले पाहिजे. सरकारी योजना जसे पाहतात तसे मात्र नव्हे.

आधी झाडाची ओळख करून घेऊ, कारण मराठीत 'निवडुंग' या एका शब्दात आपण बरीच भिन्न झाडे कोंबली आहेत. तीन धारांचा, तोडला की पांढरा चीक गळणारा त्रिधारी निवडुंग किंवा कुंपणाचा शेर ही वेगळ्याच कुळातली झाडे. त्यांचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती. ती जनावराला घालायची नाहीत. आपण बोलतो आहोत ते फड्या निवडुंगाच्या जातीबद्दल. नागाच्या फडीसारखे चपटे, मांसल, एकावर एक फुटलेले फडे ही त्याची खूण. हे फडे म्हणजे पाने नव्हेत, ते खोडच आहे. पाने पाण्याच्या टंचाईत परवडत नाहीत म्हणून या झाडाने ती कधीच टाकून दिली आणि खोडालाच हिरवे केले.

हे झाड मूळचे अमेरिका खंडातले, मुख्यतः मेक्सिकोचे. मेक्सिकोच्या राष्ट्रध्वजावर गरुड बसला आहे तो निवडुंगावरच. तिथली माणसे कोवळ्या फड्यांची भाजी करतात आणि फळे आवडीने खातात. कोलंबसानंतर हे झाड स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांतून जगभर गेले. मिरची, बटाटा, पेरू, सीताफळ यांच्यासारखाच हाही पाहुणा. फरक एवढाच की मिरचीला आपण घरात घेतले आणि याला वेशीबाहेर ठेवले.

याचे खरे वैशिष्ट्य रात्रीचे आहे. झाडे हवा आत घेतात ती अंगावरच्या सूक्ष्म रंध्रांतून, आणि रंध्रे उघडली की पाण्याची वाफ बाहेर जाते. बहुतेक झाडे हा व्यवहार दिवसा, भर उन्हात करतात. निवडुंग दिवसा दार लावून बसतो आणि रात्री गारव्यात उघडतो. रात्री घेतलेली हवा आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा उन्हाच्या बळावर तिचे अन्न करतो. त्यामुळे तेवढाच सुका माल तयार करायला गव्हासारख्या पिकाच्या मानाने त्याला चार-पाच पट कमी पाणी पुरते. माझ्यासारख्या हिशेबनीस माणसाला या झाडाबद्दल आदर वाटतो तो इथे. काटकसर अनेकजण करतात. पण खर्चाची वेळच बदलून टाकणे, हे फार थोड्यांना जमते.

आता गव्हाणीतली बाजू. शंभर किलो फडे कापले तर त्यात नव्वद किलोच्या आसपास निव्वळ पाणी असते. उरलेल्या दहा किलोत साखरेसारखे लवकर पचणारे पदार्थ भरपूर, चुना भरपूर, पण प्रथिने जेमतेम अर्धा किलो आणि तंतुमय भाग कमी. म्हणजे नुसत्या निवडुंगावर जनावर जगवू गेले तर त्याला ढाळ लागेल आणि ते खंगेल. गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात आणि काडीकचरा पचवण्याचे काम ते करतात. या जीवांना कामाला ताकद लागते. कोरडा कडबा, गव्हाचे काड, सोयाबीनचे कुटार हे नुसते दिले तर पोट भरते पण पचन रेंगाळते. त्यात निवडुंगाचे तुकडे मिसळले तर त्यातल्या साखरेने पोटातल्या कारागिरांना बळ मिळते, आणि कोरडे काड पचनी पडते. जोडीला मूठभर पेंड, किंवा शेवरी-हादग्याचा पाला, म्हणजे प्रथिनांची भर. कोरडे, ओले आणि पेंड अशी ती त्रिसूत्री आहे. त्यातले ओले म्हणजे निवडुंग. उन्हाळ्यात महिनोन्महिने हिरवा चारा न मिळालेल्या जनावरांत 'अ' जीवनसत्त्व कमी पडते, संध्याकाळनंतर ती अडखळू लागतात. ती उणीवही हिरव्या फड्याने काही अंशी भरून निघते.

आणि पाणी. एका शेळीला दिवसाला तीन किलो फडे दिले तर तिच्या पोटात अडीच लिटरहून अधिक पाणी आपोआप गेले. ट्युनिशियातल्या प्रयोगांत असे दिसले, की पुरेसा निवडुंग मिळालेल्या मेंढ्या वेगळे पाणी पिणे जवळजवळ सोडून देतात. ज्या गावात मे महिन्यात टँकरभोवती घागरींची रांग लागते, तिथे या गोष्टीचे मोल काय, हे त्या रांगेतल्या बाईला विचारावे. माणसाच्या घागरीतले पाणी जनावराला द्यायचे की नाही, हा प्रश्न तिला रोज पडतो.

वाचकांना वाटेल, हे नवीन खूळ आहे. तसे नाही. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने दख्खनच्या दुष्काळात रानटी काटेरी निवडुंग जनावरांना चारण्याचा प्रयत्न केला होता. काटे विस्तवावर जाळायचे, फड्यांचे तुकडे करायचे आणि सरकीसारखे काही त्यात मिसळून द्यायचे, अशी ती रीत. अमेरिकेतल्या टेक्सासमध्येही गुराखी हेच करीत, रॉकेलच्या पेटत्या नळीने काटे जाळून. कॅलिफोर्नियात ल्यूथर बरबँक नावाच्या प्रसिद्ध वनस्पतितज्ज्ञाने १९०७ च्या सुमारास बिनकाट्याच्या निवडुंगाची मोठी द्वाही फिरवली. वाळवंटाची कुरणे होणार, अशा जाहिराती झाल्या, भागभांडवल गोळा झाले, फडे महागड्या भावाने विकले गेले. बरबँकच्या नावाची कंपनी थोड्याच वर्षांत बुडाली. झाड वाईट नव्हते, पण त्याबद्दल सांगितलेले सगळे खरे नव्हते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे कामाला येईल.

आपल्याकडे या झाडाचे पुढे काय झाले, ती कथा कादंबरीला शोभेल अशी आहे. ईस्ट इंडिया कंपनीला लाल रंग हवा होता. तो रंग निवडुंगावर जगणाऱ्या एका किड्यापासून मिळतो आणि त्याची मक्तेदारी स्पेनकडे होती. मद्रासला जेम्स अँडरसन या डॉक्टरने त्यासाठी निवडुंगाची खास बाग उभारली. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन नावाच्या गृहस्थाने ब्राझीलहून किडा आणला. तो निघाला भलत्याच जातीचा. रंग हलका दिला, पण निवडुंगाची एक जात मात्र मोठ्या भागातून फस्त केली. उरलेल्या जाती माजतच राहिल्या. मग १९२६ मध्ये याच कुळातला दुसरा किडा मुद्दाम आणून सोडला आणि दक्षिण भारतातली निवडुंगाची बेटे काही वर्षांत कोसळली. ऑस्ट्रेलियात तर सुमारे सहा कोटी एकर जमीन निवडुंगाने व्यापली होती. तिथे अर्जेंटिनातून आणलेल्या एका पतंगाच्या अळीने १९२६ नंतर सात-आठ वर्षांत ती मोकळी केली. कृतज्ञता म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी १९३६ मध्ये त्या किड्याच्या नावाने सभागृह बांधले. आमच्या आजोबांच्या पिढीतली माणसे 'किडा आला नि निवडुंग गेला' असे सांगत, तेव्हा त्यांच्याही स्वरात सुटकेचा निःश्वास असे. वेशीवरचे साप, विंचू आणि घाण गेली, एवढेच त्यांना दिसले होते, आणि ते खोटेही नव्हते.

मग आज पुन्हा हे झाड कशाला? याचे उत्तर मला शेतीच्या पुस्तकांपेक्षा बँकेच्या खतावणीत जास्त स्पष्ट दिसते.

१९८० च्या दशकात मी ग्रामीण शाखांतून काम करीत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचा तो काळ. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला दुभते जनावर घेण्यासाठी कर्ज आणि सरकारी अनुदान. अर्जाच्या नमुन्यात जनावराची किंमत होती, विम्याचा हप्ता होता, कानातल्या बिल्ल्याचा नंबर होता, रोजच्या खुराकाचा अंदाज होता. पण दुष्काळ पडला तर हे जनावर काय खाईल, असा रकाना नव्हता. पाऊस दर वर्षी सरासरीइतका पडणार, असे गृहीत धरून सगळी बेरीज केलेली. माणदेशातल्या एका वस्तीवर वसुलीसाठी गेलो होतो. गोठा स्वच्छ झाडलेला, गव्हाण रिकामी, दावे खुंटीला टांगलेले. तो शेतकरी शांतपणे म्हणाला, "साहेब, गाय हुती तवर हप्ता भरला. आता गाय गेली आन् हप्ता तेवढा ऱ्हायला." त्याने गाय बाजारात नेली होती. दुष्काळी वर्षातला जनावरांचा बाजार ज्याने पाहिला आहे, त्याला पुढचे सांगायला नको. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतात, पण त्या वर्षी विकणारे शंभर आणि घेणारे चार असतात. आठ महिन्यांपूर्वी जी घेतली त्याच्या निम्म्यालाही ती जात नाही. पाऊस पडला की पुन्हा तशीच गाय घ्यायला दुप्पट पैसे लागतात. दुष्काळ गरिबाला बुडवतो तो या दोन भावांच्या मधल्या फटीत.

१९७२ च्या दुष्काळात मी शाळेत होतो. लाल मिलो, सुकडी आणि खडी फोडणारी माणसे, एवढे आठवते. त्यातून राज्याने एक मोठी गोष्ट शिकली. माणसाला काम मागण्याचा हक्क देणारा रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. जनावरांसाठी तेवढ्या तोलाचा विचार झाला नाही. आपण चारा छावणीवर थांबलो. २०१२-१३ मध्ये छावण्या लागल्या, २०१९ च्या उन्हाळ्यात तर हजारावर छावण्यांत नऊ-दहा लाख जनावरे दावणीला होती. मोठ्या जनावरामागे सरकारने दिवसाला शंभर रुपयांपर्यंत अनुदान दिले. छावणी नसती तर काय झाले असते हे सांगायला नको. त्यामुळे छावणीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण हिशेब तर करावा लागतो. एका जनावराचे शंभर दिवस म्हणजे दहा हजार रुपये. पाऊस आला की त्यातले काहीही शिल्लक राहत नाही. त्यात तिथे बहुतेक वेळा घातला जातो ऊस किंवा उसाचे वाढे, म्हणजे सर्वांत जास्त पाणी पिणारे पीक. शिवाय छावणी मुख्यतः गाई-बैलांची. शेळ्या-मेंढ्यांच्या वाट्याला ती क्वचितच आली. आणि राज्यात शेळ्याच एक कोटीच्या वर आहेत, त्यांतल्या बहुतेक अल्पभूधारकांच्या आणि भूमिहीनांच्या दारात.

दुसरीकडे गावातली वैरण आटत चालली आहे. पूर्वी ज्वारी घरात माणसाला भाकरी देत असे आणि अंगणात जनावराला कडबा. मालदांडीची उंच ताटे म्हणजे वर्षाची बेगमी. आता खरिपाच्या ज्वारीची जागा फार मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. सोयाबीनने हातात पैसे दिले हे खरे, पण त्याचे कुटार म्हणजे कडबा नव्हे. कडब्याची गंज दिसेनाशी झाली आणि पेंढीचा भाव माणसाच्या अन्नाइतका बोलला जाऊ लागला. शहरातल्या आपल्या दारात रोज सकाळी दुधाची पिशवी येते, ती याच गोठ्यांतून. तिची किंमत दोन रुपयांनी वाढली की आपण कुरकुरतो. वैरणीचा भाव मात्र आपल्याला ठाऊक नसतो.

या हिशेबात निवडुंग कुठे बसतो? तर तो मुदत ठेवीसारखा बसतो. मुरमाड, उथळ, निचऱ्याच्या जमिनीत तो येतो. काळ्या चिकण रानात पाणी साचले की कुजतो. म्हणजे ज्या जमिनीत दुसरे काही धड येत नाही, तीच त्याला मानवते. फडा कापायचा, सावलीत आठ-पंधरा दिवस ठेवून जखम सुकू द्यायची, मग तिसरा हिस्सा मातीत जाईल असा उभा लावायचा. पहिली एक-दोन वर्षे हात लावायचा नाही. त्यानंतर बुडाचे फडे राखून वरचे कापत राहायचे. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे कापला नाही तर तो वाया जात नाही. मका कापणीला आला की कापावाच लागतो, मुरघास करायला खड्डा आणि पैसा लागतो. निवडुंग बांधावर उभ्या उभ्या साठलेला असतो, आणि जितकी वर्षे थांबाल तितका वाढतो.

साधा हिशेब करून पाहू. दहा शेळ्या, दुष्काळाचे शंभर दिवस, शेळीमागे तीन किलो: एकूण तीन हजार किलो. चांगल्या रुजलेल्या झाडावर दोन-तीन वर्षांत वीस किलो फडे साठले असे धरले, तर दीडशे झाडे लागतील. मीटरभर अंतराने लावली तर दीडशे मीटर बांध. एकर-दोन एकराच्या धन्यालाही हे परवडण्यासारखे आहे. दहा शेळ्यांचा अख्खा आहार यातून निघणार नाही. पण सुक्या काडाला ओले आणि तहानेला पाणी एवढे निघाले, तर त्या दहांपैकी आठ शेळ्या बाजारात न जाता दारात राहतील. माझ्या मते सारा प्रश्न या आठ शेळ्यांचा आहे.

मात्र इथे थांबून दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण चमत्कारी झाडांचा आपला अनुभव चांगला नाही. १९८० च्या दशकात सुबाभळीचा केवढा गाजावाजा झाला! मणिभाईंच्या संस्थेनेही ती गावोगाव नेली. झाड उपयोगी होते आणि आहे, पण त्यातल्या एका विषारी घटकाकडे दुर्लक्ष करून बेसुमार चारले की जनावरांना बाधा होई, आणि दशकाच्या अखेरीस एका चिमुकल्या किडीने सुबाभळीचे शेंडे खाल्ले. पुढे डिझेल देणाऱ्या जट्रोफाचा बोलबाला झाला, मग इमूपालनाचा. प्रत्येक वेळी आधी पुस्तिका आली, मग अनुदान आले, मग रोपे विकणारे आले, आणि शेवटी शेतकरी एकटा उरला. निवडुंगाच्या बाबतीतही केंद्र सरकारच्या भूसंसाधन विभागाने पाणलोट योजनेतून बिनकाट्याचा निवडुंग पडीक जमिनीवर लावण्याचा विचार चालवला आहे. भोपाळजवळच्या अमलाहा इथे 'इकार्डा' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या केंद्रावर त्याचे अनेक वाण जमवले आहेत. त्याच्यापासून गॅस करण्याच्याही गोष्टी होत आहेत. चांगले आहे. पण मला तीन काळज्या वाटतात.

पहिली काळजी किड्याची. ज्या कुळातल्या किड्याने आपला जुना निवडुंग संपवला, त्याच किड्याने २००० नंतर ईशान्य ब्राझीलमध्ये हाहाकार उडवला. तिथे जगातली सर्वांत मोठी, पाच लाख हेक्टरांच्या आसपासची चाऱ्याच्या निवडुंगाची लागवड आहे. दुष्काळी पट्ट्यातला दुधाचा धंदा तिच्यावर उभा आहे. पर्नांबुको, पराइबा या राज्यांत शेतेच्या शेते पांढऱ्या कापसासारख्या किडीने झाकली गेली. मोरोक्कोत २०१४ मध्ये तो शिरला आणि गावोगावची निवडुंगाची कुंपणे गेली. ब्राझीलने नंतर 'हत्तीकान' नावाचा प्रतिकारक वाण शोधून पुन्हा लागवड केली. आपल्या देशात तर हा किडा आपणच आणून सोडलेला आहे. तेव्हा एकच वाण सगळ्या राज्यभर वाटणे म्हणजे सगळी ठेव एकाच पतपेढीत ठेवण्यासारखे आहे. चार वाण, वेगवेगळ्या गावांत, नजरेखाली, असेच व्हायला हवे.

दुसरी काळजी तणाची. परदेशी झाडाला दार उघडताना पुणेकरांनी तरी सावध असावे. १९५० च्या दशकात भारतात गाजरगवताची पहिली नोंद झाली ती याच शहरात. बिनकाट्याचे वाण रानटी जातींइतके माजत नाहीत. पण बियांपासून उगवलेल्या रोपांना पुन्हा काटे येऊ शकतात. म्हणून लागवड फड्यांपासून, आणि ती बांधावर, नजरेच्या टप्प्यात, जिथे तो कापला जाईल तिथेच.

तिसरी काळजी मला सर्वांत मोठी वाटते. सरकारी दप्तरात ज्याला 'पडीक' म्हणतात ते पडीक असतेच असे नाही. सोलापूर, अहिल्यानगर, सातारा, सांगलीच्या पूर्व भागातली माळराने कागदावर ओसाड दिसतात, पण तिथे धनगरांची मेंढरे चरतात, तिथेच लांडगा आणि खोकड राहतात, आणि माळढोकासारखा पक्षी अशाच गवतावर वाढला. हे गवत पावसाळ्यात फुकट मिळणारी वैरण आहे. ते नांगरून, तारेचे कुंपण घालून तिथे निवडुंगाची 'प्रकल्प-लागवड' झाली, तर ज्याच्या मेंढरांसाठी म्हणून हे झाड आणले त्याचीच वाट अडेल. निवडुंग हवा तो माळाच्या जागी नव्हे, माळ सुकल्यावर आधाराला.

आणि या तिन्हींच्या वर एक शंका. राज्यातल्या लागवडीच्या जमिनीपैकी फार थोड्या जमिनीवर ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून मोठा वाटा तो घेतो, हे आता शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. अशा राज्यात कोरडवाहू शेतकऱ्याला 'तुला पाणी नाही, हा घे निवडुंग' असे कोणी म्हणू लागले, तर माझ्या त्या मित्राचा राग रास्तच ठरेल. निवडुंग हा पाण्याच्या न्याय्य वाटपाला पर्याय नाही. कालव्याचे पाणी मागण्याचा हक्क सोडून त्याने बांधावर निवडुंग लावावा, असे मी म्हणत नाही. पण त्या न्यायाची वाट पाहताना शेळी तहानलेली ठेवावी, असेही म्हणवत नाही.

मग करावे काय? मोठ्या योजनेची गरज नाही. प्रत्येक कोरड्या तालुक्यात चार-पाच वाणांची एखादी रोपवाटिका असावी. ती चालवायला बचत गटातल्या बाया पुरेशा आहेत, कारण शेळ्या त्याच सांभाळतात. ज्याला लावायचा त्याला पंचवीस फडे द्यावेत, अटी न घालता. पुढच्या वर्षी त्याने पन्नास फडे शेजाऱ्याला द्यावेत, एवढी एकच अट. पशुवैद्यकांनी तो कसा कापायचा, कशात मिसळायचा, किती द्यायचा हे गोठ्यात उभे राहून दाखवावे. आणि बँकांनी दुभत्या जनावराच्या कर्जाच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा: दुष्काळी वर्षातली वैरण कुठून येणार? तिथे निवडुंगच लिहिला पाहिजे असे नाही. कडब्याची गंज, मुरघासाचा खड्डा, शेवरीची ओळ, काहीही चालेल. पण रकाना कोरा असेल तर कर्ज देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनीही थोडे थांबावे.

हे सारे करायचे ते पाऊस बरा झालेल्या वर्षी. आणि अडचण नेमकी तीच आहे. पाऊस चांगला झाला की कोणाला दुष्काळ आठवत नाही, आणि दुष्काळ पडला की निवडुंग लावून उपयोग नसतो, त्याला वाढायला दोन वर्षे लागतात. आयुष्यभर बँकेच्या काउंटरमागे बसून मी एक गोष्ट पाहिली. ठेव ठेवायला माणसे हात सैल असताना येतात. तंगीत येतात ती कर्जासाठी.